चिमणीचे दात

हेक्समला नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो
आणि मी दिवसाचा शेवटचा पक्षी उघडते.
रानकोंबडीची इथली चुलतबहीण, तांबूस ग्राउझ.
मादी. छातीचं हाड हाताला लागतं.
चार्लटन नावाच्या माळराखणदाराने आणून दिली,
पावाच्या रिकाम्या पिशवीत, वर पेन्सिलीने:
मंगळवार. वारा उत्तरेचा.

गळ्याशी अन्नपुट,
लग्नाच्या पंगतीत रुमालात लाडू बांधणाऱ्या आत्याबाईसारखं:
आधी घ्यायचं, काय घेतलं ते घरी गेल्यावर बघू.
ठासून भरलंय. हेदरचे शेंडे,
अजून हिरवे, अजून कुणाचेच न झालेले.
त्याखाली आम्लाची अरुंद खोली.
मग पेटा.

इचलकरंजीत रविवारच्या रश्शात
पेटा कुणाच्या ताटात पडला यावरून आम्ही बोलणं सोडायचो.
शाळेच्या पुस्तकात त्याला पेषणी म्हणत.
कात्री आत जाताना करकरते.
आत खडे.
खडे मोजणं ही माझी नोकरी आहे.

वैजू फ्रॉकच्या घेरात आवळा धरायची आणि कचकन चावायची.
कापडातून तोडलं की उष्टं होत नाही.
चिमणीच्या दातांनी, म्हणायचो आम्ही,
आणि मोठा तुकडा कायम तिच्याकडे राहायचा.
चिमणीला दात नसतात
हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं, तेही इंग्रजीत.
खरं तर असतात.
पोटात असतात. रस्त्यावरून वेचलेले.

पलीकडच्या टेबलावर मॉरवेन कीटक बघते.
काल तिने भिंगाखाली झुरळाचं जठर दाखवलं:
सहा दात, गोलात, कळीसारखे मिटलेले.
मग मधमाशीचं. त्यात एक झडप.
झडपेच्या अलीकडचं पोळ्याचं, पलीकडचं तिचं.
भूक लागली की ती झडप जराशी उघडते.
जराशीच.
"काय शिस्त!" मॉरवेन म्हणाली.
मला आई आठवणार होती,
मी चहा करायला उठले.

तीनशे बारा. गारगोटीचे, पांढरे, कोपरे गेलेले.
चार्लटन माळावर तसराळ्यांतून खडे ठेवतो,
लोक कबुतरांना दाणे टाकतात तसे.
तीनशे तेरावा काळा.
गोल. खड्याला शोभणार नाही इतका गोल.
चिमट्याने ओरखडला तर आतून चमकतो.

छर्रा. पण अंगावर जखम नाही,
पेट्याच्या भिंतीला भोक नाही.
बंदुकीतून सुटून कधीचा माळावर पडलेला,
तिनेच टिपला, खडा समजून.
बरा दात मिळाला, असं वाटलं असेल.

गारगोटी झिजते, रेती होते, निघून जाते.
शिसं झिजतं आणि रक्तात उतरतं.
पेट्याचं काही चुकलं नाही. तो दळत होता.

बाबांच्या तेराव्याला मी पोचले नाही.
फोनवर वैजू म्हणाली, "तू काय, पाहुणीच."
मी गिळलं. म्हटलं, राहू दे, कामाला येईल.
आणि आलंही. त्यावर मी आठ हिवाळे दळले,
व्हिसाचे कागद, घराचे हप्ते,
पौडाच्या नोटेवरचे तीन राजेराण्या.
वैजूला बहुधा आठवतही नसेल.

वजन: शून्य पूर्णांक शून्य सात ग्रॅम.
नवा असता तर शून्य पूर्णांक एक.
मधला फरक तिच्यात आहे.

चार्लटनला फोन लावते.
मागे कुत्रा भुंकतोय, किटली शिट्टी घालतेय.
"उपाशी मेली का?" तो विचारतो. त्याला वाटतं बर्फ लवकर पडला.
"उपाशीच," मी म्हणते. मग थांबते.
"पण गळ्यापर्यंत भरलेली होती.
खाली काहीच सरकत नव्हतं."

तो काही बोलत नाही.
मी हातमोजे काढते.
इचलकरंजीत आता रात्रीचे दहा.
वैजू जागी असेल.